पाण्यावरचा तवंग आणि धातूचे आयन: सगळे 'प्लस टू' सारखे का नसतात

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही हे आपल्याकडे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही. बादलीत साबण कालवला की वर पांढरट चिकट थर येतो, तो बादलीच्या कडेला धरतो, कपड्यांवर राहतो, बाथरूमच्या टाइल्सवर बसला की घासून घासून हात दुखतात, आणि मग घरात कोणीतरी म्हणतंच, पाणी फार जड आहे इथलं. आपल्याला वाटतं तो मळ आहे. तो मळ नाही, तो साबणच आहे, फक्त त्यातलं सोडियम निघून गेलंय आणि त्या जागी कॅल्शियम येऊन बसलंय.

साबण म्हणजे फॅटी ॲसिडचं, म्हणजे तेल-चरबीतून मिळणाऱ्या आम्लाचं, सोडियमचं मीठ. हे मीठ पाण्यात विरघळतं म्हणून फेस होतो. दख्खनचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची खनिजं भरपूर, पाणी त्या दगडाच्या भेगांतून मुरत मुरत खाली जातं तेव्हा ही दोन्ही घेऊन जातं, आणि मग तेच पाणी आपण मोटर लावून वर ओढतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आयनच्या, म्हणजे भार असलेल्या अणूच्या रूपात असतं, त्यावर दोन धन भार ('प्लस टू'), म्हणून एक कॅल्शियम साबणाचे दोन रेणू धरतं, आणि असं धरलेलं साबण पाण्यात विरघळत नाही. झाला थर. (डिटर्जंट पावडरचं असं फारसं होत नाही कारण तिच्या रेणूचं टोक वेगळ्या प्रकारचं असतं आणि शिवाय पावडरमध्ये कॅल्शियम अडवणारे पदार्थ घातलेले असतात.)

आता हे बादलीत होतं तेव्हा सगळा गोंधळ एकदम होतो, काय कोणाला चिकटलं काही कळत नाही. पण हाच प्रकार एका सपाट, शांत पाण्यावर, फक्त एका रेणूच्या जाडीच्या थरात घडवून आणला तर मात्र बघण्यासारखं खूप काही असतं. गेली शंभर-सव्वाशे वर्षं लोक ते बघतायत. साबण ही त्यातली सगळ्यात साधी गोष्ट, पुढे रक्त गोठणं येतं, फुप्फुसं येतात, समुद्र येतो.

आधी तवंग म्हणजे नक्की काय ते बघू.

लिपिड म्हणजे तेल-चरबीच्या जातीचे पदार्थ, त्यांचा रेणू दोन स्वभावांचा असतो. एक टोक पाण्याला आवडणारं, त्याला डोकं म्हणतात, आणि दुसरीकडे कार्बनची लांब साखळी, ती शेपटी, तिला पाणी अजिबात सहन होत नाही. स्टिअरिक ॲसिड घ्या, साबणात असतं तेच, १८ कार्बनचं. असे रेणू स्वच्छ पाण्यावर टाकले की डोकं पाण्यात आणि शेपटी हवेत अशा अवस्थेत ते उभे राहतात. जागा असेल तितके पसरतात आणि एकावर एक न चढता एकच थर करतात. या थराची जाडी साधारण अडीच नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे चार लाख थर मावतील. शुद्ध खनिज तेलाला हे जमत नाही, कारण त्याला डोकंच नाही, ते पाण्यावर थेंब होऊन बसतं. खोबरेल, शेंगदाणा, ऑलिव्ह यांना जमतं.

बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅम कॉमनच्या तळ्यात चमचाभर तेल टाकलं आणि बघता बघता सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं, हे त्याने १७७४ साली छापलं. त्याने जाडीचा हिशोब केला नाही, पण आपण करू शकतो. अर्धा एकर म्हणजे अंदाजे २,००० चौरस मीटर, चमचा ५ मिलीचा धरला तर भागाकार येतो अडीच नॅनोमीटर! म्हणजे रेणू असतो की नाही यावर अजून वाद चालू होते त्या काळात या माणसाने चमच्याने रेणूची लांबी मोजली होती, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

खरी मोजमापं सुरू केली ती एका स्वयंपाकघरात. आग्नेस पॉकेल्स, जर्मनीतल्या ब्राऊनश्वाइगची. मुलींना तेव्हा तिथे विद्यापीठात प्रवेश नव्हता, घरी आजारी आई-वडील, त्यामुळे ती घरीच. तिने पत्र्याची एक उथळ, लांबट पन्हळ घेतली, काठोकाठ पाणी भरलं, आणि त्यावर आडवी एक पट्टी ठेवली जी सरकवता येते. पट्टी सरकवली की पाण्याचा पृष्ठभाग एका बाजूला आकसतो आणि त्यावरचा तवंग दाबला जातो. एक छोटं बटण तराजूला टांगून ते पाण्यापासून सुटायला किती जोर लागतो हे मोजलं की पृष्ठताण कळतो. एवढंच! आणि ह्यात सगळ्यात हुशारीचं काय तर तीच पट्टी फिरवून ती पाणी पुसून घ्यायची, म्हणजे पृष्ठभागावरची घाण लोटून एका कडेला, कारण पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी वरून स्वच्छ नसतं हे तिच्या लक्षात आलं होतं. १८९१ मध्ये तिने इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना जर्मनमधून पत्र लिहिलं, त्यांच्या पत्नीने त्याचं इंग्रजी केलं, आणि रॅलीने ते 'नेचर'कडे पाठवून छापायला लावलं. रॅलीचा मोठेपणा इथे मान्य करायला हवा, तो स्वतः त्याच विषयावर काम करत होता आणि दाबून टाकणं त्याला अवघड नव्हतं.

१९१७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतल्या आयर्विंग लँगम्यूरने हे पुढे नेलं आणि दाखवलं की साखळी १६ कार्बनची असो, १८ ची असो की २६ ची, दाबून जवळ आणल्यावर प्रत्येक रेणू पाण्यावर जागा जवळपास तेवढीच घेतो, वीस-एकवीस चौरस अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). म्हणजे रेणू आडवे नाहीत, उभेच आहेत. या कामाबद्दल त्याला १९३२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पन्हळीला नाव पडलं लँगम्यूर ट्रफ. पॉकेल्सबाईंचं नाव बराच काळ मागेच राहिलं. असो.

आज लॅबमध्ये ट्रफ टेफ्लॉनचा असतो. त्यात अतिशुद्ध पाणी ओततात, पातळी कडेच्या वर किंचित फुगलेली दिसेपर्यंत. स्टिअरिक ॲसिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून घेतलेलं असतं, ते बारीक सिरिंजने पाण्यावर थेंब थेंब सोडतात, सुईचं टोक पाण्याला जेमतेम टेकेल असं, आणि घाई करायची नाही. ३०० चौरस सेंटिमीटरच्या ट्रफला एक मिलीमध्ये एक मिलिग्रॅम अशा द्रावणाचे साधारण ५० मायक्रोलिटर पुरतात, म्हणजे पाण्यावर प्रत्यक्षात येतं ते ५० मायक्रोग्रॅम, डोळ्याला दिसणारही नाही इतकं. दहा मिनिटं थांबायचं, क्लोरोफॉर्म उडून जातो. मग दोन बाजूंचे बॅरियर, म्हणजे त्याच सरकत्या पट्ट्या, हळूहळू आत सरकवायचे आणि पाण्यात अर्धवट बुडवलेल्या कागदाच्या किंवा प्लॅटिनमच्या पट्टीवर ओढ किती कमी झाली ते मोजत राहायचं. कॉम्प्युटरवर एक रेघ उमटत जाते, आडवी जागा, उभा दाब.

नुसत्या, थोड्या आम्लधर्मी पाण्यावर ती रेघ कशी दिसते? सुरुवातीला बराच वेळ सपाट, काहीच होत नाही, माणूस चहा पिऊन येऊ शकतो. मग प्रत्येक रेणूला साधारण २५ चौरस अँगस्ट्रॉम जागा उरली की रेघ वर चढायला लागते, कारण आता शेपट्या एकमेकींना लागल्यात, पण अजून तिरक्या आहेत. आणखी दाबलं की पंचवीसेक मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास एक कोपरा येतो, रेघ एकदम मोडते आणि जास्त उभी होते. त्या कोपऱ्यावर शेपट्या ताठ उभ्या राहिलेल्या असतात. त्याच्याही पुढे दाबत गेलं की थर फुटतो, रेणू एकमेकांवर चढतात, रेघ कोसळते.

आता सगळं तेच ठेवायचं, फक्त पाण्यात कॅडमियमचं थोडं मीठ घालायचं आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं जास्त आम्लधर्मी) सहाच्या वर न्यायचा. तो कोपरा गायब! रेघ वीसेक चौरस अँगस्ट्रॉमपर्यंत सपाट येते आणि तिथून सरळ भिंतीसारखी वर. तिरकं उभं राहण्याची अवस्थाच उरली नाही, रेणू पहिल्यापासून ताठ आणि दाटीवाटीने. कारण असं, या पीएचला डोक्यांवर ऋण भार येतो, एकटी असती तर ती एकमेकांना ढकलली असती, पण मध्ये धन भाराचा आयन आल्यावर ढकलणं संपलं, वर त्याने दोन दोन डोकी धरून ठेवली. तवंग होता तो जवळजवळ पत्रा झाला.

इथे एक हिशोब करून बघण्यासारखा आहे, कारण त्यातून कळतं की या लॅबवाले लोक पाण्याच्या शुद्धतेवरून इतके का भांडतात. आपल्या ट्रफमध्ये थरात आहेत साधारण एकावर सतरा शून्यं एवढे रेणू, ऐकायला प्रचंड, पण मोलमध्ये बघितलं तर एका मोलचा साठ लाखावा भाग. एक आयन दोन रेणूंना पुरतो, म्हणजे त्याच्या निम्मेच आयन हवेत. खाली पाणी आहे २०० मिली. त्यात कॅल्शियम फक्त एक मायक्रोमोलर असलं, म्हणजे लिटरमागे ०.०४ मिलिग्रॅम, तरी ते सगळ्या थराला पुरून वर उरतं. आणि भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला ७५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर २०० पर्यंत. म्हणजे नळाचं पाणी या प्रयोगासाठी हजारो पटीने घाण. काचेच्या भांड्यातून सुटणारे आयन पण इथे खेळ बिघडवू शकतात. ॲल्युमिनियम आणि लोखंडासारखे तीन भारवाले तर फारच थोडे पुरतात.

पण आयन पाण्यात आहे म्हणून तो थराला धरेलच असं नाही, आणि खरी मजा इथून पुढे आहे.

पहिली अट पीएचची. फॅटी ॲसिडच्या डोक्याला एक हायड्रोजन असतो. तो तिथे आहे तोवर डोक्यावर भार नाही, आणि भार नाही तर धातूच्या आयनला तिथे काही काम नाही. पाणी जितकं आम्लधर्मी तितके हायड्रोजन जागेवर पक्के. लँगम्यूर आणि व्हिन्सेंट शेफर यांनी १९३७ साली पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा या थरांवर काय परिणाम होतो यावर एक अख्खा पेपर लिहिला, आणि तेव्हापासून हे पक्कं झालं की पीएच चारच्या खाली कॅल्शियम किंवा बेरियम पाण्यात असूनही थर जवळपास निव्वळ ॲसिडचाच राहतो, आणि पीएच नऊच्या आसपास पूर्ण साबण झालेला असतो. मधला सगळा प्रदेश मिसळीचा. यात गंमत अशी की ऋण भाराचा थर स्वतःच हायड्रोजन आयनांना पण खेचतो, त्यामुळे पृष्ठभागाला लागून असलेलं पाणी खालच्या पाण्यापेक्षा जास्त आम्लधर्मी असतं, आणि म्हणून पुस्तकात फॅटी ॲसिडचे अर्धे हायड्रोजन पीएच ४.८ ला सुटतात असं लिहिलेलं असलं तरी थरात ते इतक्या लवकर सुटत नाहीत. अतिशुद्ध पाणीसुद्धा उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून साडेपाचच्या आसपास येतं, हे विसरलं की रिझल्ट दोन दिवस जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट भाराची. सोडियमवर एक धन भार, कॅल्शियमवर दोन. वाटतं की कॅल्शियमची ओढ दुप्पट असेल. तसं नाहीये. समजा थरावर मायनस १०० मिलिव्होल्ट आहे. त्याच्या लगत सोडियम खालच्या पाण्याच्या सुमारे ५० पट गोळा होतं. कॅल्शियम १०० पट नाही, ५० गुणिले ५०, म्हणजे २,५०० पटीच्या आसपास. भार घातांकात बसतो ना, म्हणून वर्ग होतो. समुद्राच्या पाण्यात सोडियम कॅल्शियमच्या जवळपास ४५ पट असूनही कॅल्शियम स्वतःची जागा करून घेतं त्यात याचा मोठा वाटा आहे.

पण मग मॅग्नेशियम? त्यावर पण दोनच भार. बेरियम, झिंक, कॅडमियम, शिसं, सगळे दोन भारवाले. नुसता भारच ठरवत असता तर सगळ्यांच्या रेघा सारख्या यायला हव्या होत्या, आणि त्या येत नाहीत. शिसं तर बऱ्यापैकी आम्लधर्मी पाण्यातही थराला धरतं, त्यामागून कॅडमियम, कॅल्शियमला त्याहून जास्त पीएच लागतो आणि मॅग्नेशियमला आणखी जास्त. मला या सगळ्या विषयात हाच प्रश्न सगळ्यात आवडतो, कारण शाळेत आपण आयन म्हणजे एक चिन्ह आणि वर प्लस टू एवढंच लिहायला शिकतो आणि इथे कळतं की ते चिन्ह अर्धीच गोष्ट सांगतं.

उरलेली गोष्ट आहे पाण्याची. पाण्यात कुठलाही धातूचा आयन एकटा फिरत नाही, त्याच्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात. मॅग्नेशियम लहान आहे, त्रिज्या ०.७२ अँगस्ट्रॉम, कॅल्शियमची १.००. लहान आकारात तेवढाच भार म्हणजे ओढ जास्त, त्यामुळे मॅग्नेशियम आपले सहा पाण्याचे रेणू सोडता सोडत नाही. पाऊस थांबला, घरात येऊन बसला, तरी रेनकोट काढायला तयार नाही असा पाहुणा असतो ना, तसं. शेजारी बसेल, पण जवळीक नाही. आकड्यात सांगायचं तर कॅल्शियमभोवतीचं पाणी सेकंदाला दहा कोटीहून जास्त वेळा बदलतं, मॅग्नेशियमभोवतीचं लाखभर वेळा. म्हणजे हजारपट आणि त्याहून जास्त फरक. थराचं डोकं आयनला थेट धरायचं तर मधलं पाणी बाजूला व्हायला हवं, कॅल्शियमचं होतं, मॅग्नेशियमचं सहजी होत नाही, ते मध्ये पाणी ठेवूनच लांबून ओढ लावतं.

कॅडमियम आणि कॅल्शियमची तुलना तर अजून छान. दोघांचा आकार जवळपास सारखा, भार सारखा, तरी कॅडमियमची पकड जास्त. इथे पाण्याचं आवरण पण पुरेसं उत्तर देत नाही. कॅडमियम आणि शिशाचे बाहेरचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनशी थोडी खरीखुरी भागीदारी करतात, म्हणजे नुसता धन-ऋण ओढीचा मामला नाही, काही अंशी सहसंयुज बंध. हे जड धातू शरीरात गेल्यावर जिथे कॅल्शियम किंवा झिंकचं काम तिथे घुसून बसतात, त्यामागेही हीच जास्तीची पकड आहे.

आणि ही मांडणी सुबक वाटत असतानाच क्ष-किरणांनी तिला धक्का दिला. पृष्ठभागाला अगदी घासून जाईल इतक्या तिरक्या कोनात क्ष-किरण सोडले तर फक्त वरच्या काही नॅनोमीटरची रचना दिसते. १९९१ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या कामात कॅडमियमच्या बाबतीत दिसलं की थराखाली आयन नुसते गोळा होत नाहीत, ते स्वतःची नियमित जाळी करतात, स्फटिकासारखी, द्रव पाण्याच्या पोटात! पुढे शिसं आणि मँगनीज यांचीही जाळी दिसली, आणि जास्त पीएचला चक्क मॅग्नेशियमची. कॅल्शियम आणि बेरियमची मात्र दिसली नाही. म्हणजे ज्याला आपण आत्ता अलिप्त म्हटलं त्याची जाळी होते, आणि ज्याची पकड चांगली त्याची होत नाही. पकड किती घट्ट हा एक प्रश्न आणि पकडल्यावर आयन रांगेत बसतात का हा दुसरा प्रश्न, दोन्हीचं उत्तर एकाच नियमात बसत नाही एवढं खरं.

याचा उपयोग काय, तर पहिला उपयोग कॅथरीन ब्लॉजेटने काढला. केंब्रिजची फिजिक्समधली पहिली महिला पीएचडी, १९२६ ची, आणि लँगम्यूरच्याच लॅबमधली. १९३५ च्या पेपरमध्ये तिने दाखवलं की पाण्यावरच्या या थरातून काच उभी वर-खाली केली तर प्रत्येक फेरीत थर काचेवर चढत जातात, एकावर एक, मोजून. नुसत्या ॲसिडचा थर नीट चढत नाही, सैल पडतो, पण पाण्यात कॅल्शियम किंवा बेरियम घातलं की थर धरून राहतो. बेरियम स्टिअरेटचे ४४ थर दिले की एकूण जाडी दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाच्या आसपास येते आणि काचेची चमक जवळजवळ जाते, पलीकडचं स्वच्छ दिसतं. १९३८ ची ही न चमकणारी काच. थर बोट लागलं तरी पुसला जायचा, त्यामुळे बाजारात पुढे दुसऱ्या पद्धती आल्या, पण चष्म्याच्या दुकानात आपल्याला अँटी-ग्लेअर म्हणून जे विकतात त्यामागचं गणित तेच आहे. याच थरांत कॅडमियम भरून नंतर त्यावर हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला तर आतल्या आत कॅडमियम सल्फाइडचे नॅनोमीटरचे कण तयार होतात, आयआयटी मुंबईतही यावर काम झालंय.

आता शरीराकडे. आपल्या पेशींच्या पडद्यातले लिपिड फॅटी ॲसिडसारखे एका शेपटीचे नसतात, दोन शेपट्या आणि डोक्यात फॉस्फेट. त्यातले बरेचसे डोक्यात धन आणि ऋण दोन्ही बाळगतात, त्यांना कॅल्शियमचं फार कौतुक नाही. पण फॉस्फॅटिडिल सेरीन नावाचा एक लिपिड निव्वळ ऋण भाराचा असतो, आणि निरोगी पेशी त्याला पडद्याच्या आतल्या बाजूलाच ठेवते. जखम झाली की प्लेटलेट्स खवळतात आणि हा लिपिड बाहेरच्या बाजूला येतो. रक्त गोठवणारी काही प्रथिनं याची वाटच बघत असतात, पण त्यांच्यावर पण ऋण भार आणि लिपिडवर पण ऋण भार, जवळ येणार कसे? मध्ये कॅल्शियम बसतं आणि पूल होतो. साबणात जे दोन डोक्यांना एकत्र आणत होतं तेच इथे प्रथिन आणि पडद्याला आणतं. त्या प्रथिनांचे कॅल्शियम धरणारे हात व्हिटॅमिन के शिवाय तयार होत नाहीत, रक्त गोठू नये म्हणून देतात ती वॉरफरिनची गोळी नेमकं तेच अडवते.

म्हणून पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेताना जांभळ्या झाकणाची बाटली असते ना, सीबीसीसाठी, तिच्यात ईडीटीए असतं, ते कॅल्शियम गिळून टाकतं आणि रक्त गोठत नाही. निळ्या झाकणाच्या बाटलीत सायट्रेट, काम तेच, पण ती पीटी-आयएनआरसाठी. त्या टेस्टमध्ये काय करतात तर रक्तपेशी बाजूला काढून उरलेल्या प्लाझ्मात लिपिड, टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन आणि कॅल्शियम परत घालतात आणि घड्याळ लावतात, गुठळी किती सेकंदात होते ते बघायला. ज्यांच्या घरात कोणाचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय त्यांना हा आयएनआर पाठ असतो, पण तो रिपोर्ट मुळात लिपिडच्या पृष्ठभागावर ही प्रथिनं कॅल्शियमच्या पुलाने नीट बसतायत का याचीही परीक्षा आहे हे फारसं कोणी सांगत नाही.

फुप्फुसांत तर खराखुरा तवंग आहे. हवेच्या बारीक पिशव्यांच्या आतून पाण्याचा पातळ लेप असतो आणि त्यावर लिपिडचा एक थर, नसता तर पृष्ठताणामुळे श्वास सोडताना त्या पिशव्या मिटून गेल्या असत्या. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना हा थर कमी पडतो म्हणून श्वास लागतो, हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं, आणि आता बाळाच्या श्वासनलिकेत हा थर करणारा पदार्थ, म्हणजे सरफॅक्टंट, सोडून जीव वाचवतात. हा माल आत साठवायची जी जाळीदार रचना असते ती कॅल्शियमशिवाय उभी राहत नाही.

समुद्राचं थोडक्यात सांगतो. समुद्राच्या पाण्यावर मेलेल्या शेवाळांतून आलेल्या फॅटी ॲसिडचा तवंग असतोच, पीएच आठच्या वर, म्हणजे डोकी बरीचशी भारित, आणि खाली कॅल्शियम हजर. लाट फुटते, बुडबुडे वर येऊन फुटतात आणि बारीक तुषार हवेत जातात, ते हा वरचाच थर घेऊन जातात. त्यामुळे तुषारांत सोडियमच्या मानाने कॅल्शियम जास्त सापडू शकतं, आणि असे कण पुढे ढगांचे थेंब किंवा बर्फाचे कण व्हायला आधार देतात. हवामानाच्या लोकांना तवंगात रस असतो तो यासाठी.

आणि एक उपयोग असा आहे जिथे आयनांचा त्रासच नको असतो. धरणातलं पाणी उन्हाळ्यात उडून जातं, ते अडवायला पाण्यावर एका रेणूचा थर द्यायची कल्पना १९५० आणि ६० च्या दशकात जगभर गाजत होती, ऑस्ट्रेलियात त्यावर बरंच काम झालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही, म्हणजे एनसीएलमध्ये, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फॅटी अल्कोहोल आणि अल्कॉक्सी इथेनॉल यांचे थर पाण्यावर किती वेगाने पसरतात याची मोजमापं झाली. स्वस्त फॅटी ॲसिड हाताशी असताना अल्कोहोल का? तर धरणाच्या पाण्यात कॅल्शियम असतं, ॲसिडचा थर त्याला धरून कडक होणार, आणि कडक थर वाऱ्याने फाटला की परत जुळून येत नाही. अल्कोहोलच्या डोक्यावर भारच नसतो, कॅल्शियम असो नसो त्याला फरक पडत नाही, तो मऊ राहतो आणि फाटला तर पुन्हा पसरतो. तरी मोठ्या जलाशयावर वारा त्याला एका काठाला लोटून ठेवतो, पुन्हा पुन्हा टाकत राहावं लागतं, आणि खर्चाचं गणित तिथेच अडतं.